बोऱ्हाडे साहेबांची नजर

बोऱ्हाडे साहेबांनी कुणाची स्तुती केली की आसपासची माणसं सावध व्हायची. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला एक सुटा भाग मोजायला दिला आणि माप कागदावर लिहायला सांगितलं. रांजणगावच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनत आणि साहेब तिथल्या तपासणी विभागाचे प्रमुख होते. मी लिहून दिलेला कागद त्यांनी दोन्ही हातांत धरून शांतपणे वाचला.

"अक्षर सुंदर हाय तुझं, गायकवाड," ते म्हणाले. मी हसलो. मग त्यांनी तो भाग उचलून खराब मालाच्या लाल पेटीत टाकला आणि कागदही त्याच्यामागं टाकला. "माप चुकलंय."

लाल पेटी हा त्यांचा आवडता शब्द होता. माणसांनाही ते तोच लावत. नवा व्यवस्थापक आला की दुसऱ्या दिवशी साहेबांचा निकाल लागलेला असे, "लाल पेटी." स्वतःच्या जावयाबद्दल, गावच्या सरपंचाबद्दल, कँटीनच्या आमटीबद्दल तोच निकाल. आवाज कधी चढायचा नाही. ओरडणारा साहेब परवडतो, त्याचं ओरडणं संपलं की माणूस मोकळा होतो. बोऱ्हाडे साहेब हळू बोलत आणि ते बोलणं महिनोन्‌महिने अंगात रुतून राही.

उंच, सडपातळ माणूस. मान जरा पुढं काढलेली, मिशी बारीक कातरलेली, शर्टाला कडक इस्त्री. रविवारीसुद्धा. रविवारी मात्र त्या शर्टावर विटकरी रंगाचा स्वेटर चढायचा आणि साहेब पक्षी बघायला निघायचे.

दिवाळी झाली की होळीपर्यंत आमचा हा क्रम असे. उजाडायच्या आत शिरूरमधून त्यांची जुनी जीप निघायची. एका रविवारी चिंचणीला, घोड नदीच्या धरणावर. दुसऱ्या रविवारी न्हावऱ्यावरून खाली दौंडकडं, राजेगाव-खानोट्याच्या बाजूला, जिथं उजनीचं पाणी उसाच्या रानांपर्यंत पसरलेलं असतं. आम्ही तपासणी विभागातले तिघं-चौघं, आणि मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन शालन वहिनी, साहेबांच्या पत्नी. दुपारपर्यंत कुणी काही खायचं नाही, असा साहेबांचा नियम होता. पोट भरलं की नजर जड होते, असं ते म्हणत. गुऱ्हाळावरून ताज्या गुळाचा वास यायचा, वहिनींच्या मांडीवर भाकरी-ठेच्याचा डबा असायचा, आणि आम्ही उपाशीपोटी चिखलातून त्यांच्यामागं चालत असू.

स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, एकच होता, तीन पायांवर उभा करायचा, साहेबांचा. पाण्याच्या पार पलीकडच्या काठावरचं बदक त्यातून हाताशी आल्यासारखं दिसायचं. आधी साहेब बघणार, मग आम्ही आणि वेळ उरला तर वहिनी. बहुतेक वेळा त्यांची पाळी यायच्या आधीच साहेब "चला" म्हणत. वहिनींनी कधी मागितलंही नाही. त्या पदर कानामागं खोचून नुसत्या डोळ्यांनी पाण्याकडं बघत बसायच्या.

मग आम्ही का जायचो? याचं उत्तर सोपं आहे. साहेबांमुळं आम्हाला दिसायला लागलं. पहिल्या हिवाळ्यात चिंचणीच्या पाण्यावर मला नुसते काळे ठिपके दिसत. साहेब म्हणाले, "ठिपक्यांकडं बघू नको. सगळ्यांनी वाऱ्याकडं तोंड केलंय का ते बघ. कुणी केलं न्हाई? का केलं न्हाई?" मी बघत राहिलो, आणि खरंच, त्या कळपात एक बदक वाऱ्याची पर्वा न करता पाण्यावर गोल गोल फिरत होतं. चोच पसरट, फावड्यासारखी. "थापट्या," साहेब म्हणाले. "गोल फिरून चिखल वर काढतो आन् गाळून खातो." त्या दिवसापासून मला ठिपके दिसणं बंद झालं. पुढं एकदा मी आपणहून डोळ्यावरच्या पांढऱ्या रेघेवरून भुवई बदक ओळखलं. साहेबांनी स्कोपला डोळा लावला, पाहिलं आणि म्हणाले, "व्हय." एवढंच. त्या एका 'व्हय'वर मी आठवडाभर तरंगत होतो. तो मिळावा म्हणून माणसं काय काय सोसायची, ते आता आठवलं की नवल वाटतं.

सगळ्यात जास्त सोसलं ते सतीश चांदगुडेनं.

चांदगुडे माझ्याच लाइनवर होता. राजेगावजवळचा, पाण्याच्या काठी वाढलेला. पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्याला आमच्यासारखीच साहेबांकडून कळली, पण त्याला पाखरू आमच्या आधी दिसायचं. आणि दिसलं की तो मोठ्यानं हसायचा. हे साहेबांना सहन होत नसे. "पाखरू दिसलं म्हणून हसायचं काय त्यात? पाखरानं काय विनोद केला?" असं ते विचारत. चांदगुडे ओशाळायचा, आणि पुढचं पाखरू दिसलं की पुन्हा हसायचा.

एकदा राजेगावच्या खाली उथळ पाण्यात एक चित्रबलाक कोळ्यांच्या नायलॉनच्या जाळ्यात अडकलेला दिसला. पिवळी लांब चोच, पंखांच्या टोकाला गुलाबी पिसं, चांगला मोठा पक्षी. एक पंख पार गुंतला होता. धडपडून धडपडून तो थकला होता आणि दोन कावळे त्याच्या भोवती उड्या मारत होते. साहेबांनी स्कोप रोवला, नीट फोकस केला आणि आम्हाला रांगेनं बघायला बोलावलं.

"आता बघा," ते म्हणाले. "कावळा आधी डोळ्याकडं जातो."

"सोडवा की त्याला कुणीतरी," मागून वहिनी म्हणाल्या.

"शालन, तू गाडीत जाऊन बस."

वहिनी गेल्या. चांदगुडे स्कोपपाशी गेलाच नाही. त्यानं चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरला.

"चांदगुडे, आपण बघायला येतो. बाकीचं आपलं काम न्हाई," साहेब म्हणाले.

तो कमरेइतक्या पाण्यातून गेला. कावळे उडाले. पक्ष्यानं त्याच्या हातावर चोचीनं घाव घातले, तरी त्यानं दातांनी दोरे तोडून त्याला मोकळं केलं. चित्रबलाक लोंबता पंख ओढत गवतात शिरला. चांदगुडे परत आला तेव्हा थंडीनं कुडकुडत होता, मनगटातून रक्त येत होतं, आणि तो हसत होता.

साहेबांनी स्वतःचा रुमाल काढून त्याच्या मनगटाला बांधला. अगदी हळुवार, आईनं बांधावा तसा. बांधता बांधता म्हणाले, "पंख मोडलाय त्याचा. मी त्याला तासाभरात मरू देत हुतो. तू त्याला आठवडाभर मारणार."

पुढच्या रविवारी खरं तर चिंचणीची पाळी होती. साहेबांनी न बोलता जीप राजेगावकडं घेतली. काठाकाठानं बराच वेळ शोधत फिरले. शेवटी एका बाभळीखाली त्यांना हवं ते सापडलं. कुत्र्यांनी उरलंसुरलं ठेवलं होतं, गुलाबी पिसं चिखलात रुतली होती. साहेबांनी लांबूनच स्कोप लावला, फोकस केला आणि बाजूला झाले.

"या, चांदगुडे. आज पहिली पाळी तुमची."

एरवी ते त्याला अरे-तुरे करत. चांदगुडेनं डोळा लावला. बाजूला झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर चांदगुडे जीपमध्ये बाहेर तोंड करून बसला. साहेब मात्र गुणगुणत होते.

तरी चांदगुडे येत राहिला. मला वाटतं, पाण्यावर जायची त्याला साहेबांपेक्षा जुनी सवय होती. पुढच्या हिवाळ्यात खानोट्याला आम्ही गडवालांचा एक मोठा कळप बघत होतो. गडवाल म्हणजे राखी रंगाची साधी बदकं. चांदगुडेकडं लहान दुर्बीण होती, ती त्यानं डोळ्यांवरून खाली केली, पुन्हा वर केली. या वेळी तो हसला नाही. त्याचा आवाज बसला होता.

"साहेब, त्या मधल्या खुंटाच्या डावीकडं. डोकं हिरवं हाय, तांबूस झाक मारतंय. गळ्यापाशी पांढरा पट्टा. आन् मागं पिसं अशी वाकलीत... विळ्यागत."

आमच्याकडच्या पुस्तकात असं एक बदक होतं. पार सायबेरिया-चीनकडचं, आपल्याकडं क्वचित चुकून येणारं. चांदगुडेला त्याचं इंग्रजी नाव धड उच्चारता येत नसे, तो त्याला विळा बदक म्हणायचा.

साहेबांनी स्कोप वळवला. डोळा लावला. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. उसाच्या एका ट्रॅक्टरनं मागच्या रस्त्यावर गाणी लावली होती, ती लांब जाऊन ऐकू येईनाशी झाली, तरी ते वाकलेलेच होते. मग ताठ झाले.

"तलवार बदक हाय," ते म्हणाले. "नर. मान वाकडी करून बसलाय, तलवारीगत शेपटी तेवढी दिसती."

"न्हाई साहेब, तलवार बदक मी ओळखतो—"

"मग ह्ये का वळखू आलं न्हाई?"

चांदगुडे स्कोपकडं सरकला. साहेबांनी तोपर्यंत स्कोपचे पाय दुमडले होते. "चला, ऊन डोळ्यांवर आलं." चांदगुडेनं पुन्हा दुर्बीण वर केली, पण कळप आता उठून पलीकडच्या वळणाआड गेला होता.

सोमवारी कँटीनमध्ये साहेबांनी ती गोष्ट सांगितली. ते गोष्ट उत्तम सांगत. चांदगुडेचा बसलेला आवाज त्यांनी हुबेहूब काढला. पंधरवड्यात सगळा कारखाना त्याला 'सायबेरिया' म्हणू लागला. वॉचमनसुद्धा. "काय सायबेरिया, आज थंडी कमी हाय व्हय?" सुरुवातीला तोही हसण्यावारी न्यायचा.

पुढं जे झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चांदगुडे एकेक भाग दोनदोनदा मोजू लागला. मग तीनतीनदा. मापाचं यंत्र पुसायचा, पुन्हा लावायचा, शेजारच्याला बोलवायचा, "बघ रं, तुला बी हेच दिसतंय का?" लाइन त्याच्यापाशी अडायला लागली. एक दिवस साहेब त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चांदगुडेच्या हातात भाग होता आणि तो त्याच्याकडं नुसता बघत होता.

"घाई न्हाई," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "नीट बघा. हा ब्रेकचा भागच हाय का? का विळा बदक हाय?"

सगळी लाइन हसली. चांदगुडेनं तो भाग अलगद टेबलावर ठेवला. आधी तो माल रवाना करणाऱ्या विभागात गेला, तिथं मोजायचं काही नसतं. मग दिवाळीपूर्वी त्यानं कारखानाच सोडला. पाण्यावर यायचं तर त्याच हिवाळ्यात सोडलं होतं.

साहेब निवृत्त झाले. बरोबरची माणसं एकेक करून गळाली होती, उरलो मी आणि वहिनी. मी का उरलो, असं मला बायको विचारायची. पाण्यावर साहेबांशेजारी उभं राहिलं की जेवढं दिसायचं तेवढं एकट्याला दिसत नसे, हेच खरं होतं.

त्यांच्या नजरेत काही बिघडलंय हे आम्हाला उशिरा कळलं. त्याचं कारण स्कोपच होता. साहेबांना काचबिंदू झाला होता. त्यात कडेचं दिसणं आधी जातं आणि मधलं टिकून राहतं. स्कोपमध्ये नाहीतरी एक गोलच दिसतो. त्या गोलात साहेब अजून आमच्यापेक्षा चांगलं बघत होते, म्हणून स्वतःचं जग गोल होत चाललंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. धरणाच्या भिंतीवर ते दगडांना ठेचकाळायला लागले. चहाच्या टपरीवर शेजारून आलेल्या पोऱ्याच्या हातातला पेला त्यांच्या कोपरानं उडाला, आणि शिव्या पोऱ्याला बसल्या. एकदा चिंचणीला एक दलदली ससाणा त्यांच्या कानापासून हातभर अंतरावरून गेला, त्याच्या पंखांचा वारा मलाही लागला, आणि साहेब समोर बघत म्हणाले, "आज ससाणे कुठं गेलेत?" मग न्हावऱ्याजवळ त्यांनी उसाच्या ट्रॉलीला जीप घासली. "ट्रॉलीवाला आंधळा होता," ते म्हणाले. त्यानंतर जीप मी चालवू लागलो. डॉक्टरांकडं जाऊ, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडं मान पूर्ण वळवून पाहिलं. "सबंध आयुष्य मी तपासलंय, गायकवाड. मला कोण तपासणार?"

त्या हिवाळ्यातल्याच एका सकाळी चिंचणीच्या बांधावर आम्ही चहा घेत होतो. वहिनी जीपच्या उघड्या दारात बसून पेरू चिरत होत्या. माझ्या मोबाइलवर पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला होता, दुसऱ्या कुठल्या राज्यातला. विळ्यासारखी पिसं वाकलेलं बदक. मी तो साहेबांपुढं धरला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन डोळ्यांच्या अगदी समोर आणला आणि इकडून तिकडं सरकवत बघितला.

"व्हय. ह्येच ते," म्हणाले.

"कुठलं?"

"चांदगुडेचं."

मला आधी अर्थच लागला नाही. "म्हणजे तुम्हाला ते दिसलं होतं?"

"पोट भरून बघितलं. पिसं आन् पिसं दिसत हुती. उन्हात डोकं कसं पालटायचं रं त्याचं, हिरवं, मग तांबडं, मग पुन्हा हिरवं." त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तसलं पुन्हा काय दिसायचं न्हाई."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. एखाद्या नवख्याला माप कसं धरायचं ते सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं, "त्याला लई आनंद झाला असता."

मी वहिनींकडं पाहिलं. पेरू अर्धा चिरलेला होता आणि सुरी तशीच थांबली होती. मग त्यांनी उरलेला अर्धा चिरला, मीठ लावलं आणि फोडी साहेबांच्या हातात दिल्या.

दुसऱ्याच रविवारी मी साहेबांकडं न जाता राजेगावला गेलो. चांदगुडे आता पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. दुकान रस्त्याकडेला, पाणी मागं लागूनच, पण दुकानाचं तोंड रस्त्याकडं आणि तो बसतो ती खुर्चीही रस्त्याकडं. मला बघून त्याला बरं वाटलं. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा हसेल तरी, पूर्वीसारखा.

त्यानं हातातली तांब्याची तार खाली ठेवली. "गळ्याचा पट्टा पांढरा हुता, व्हय ना?" त्यानं विचारलं.

"असणारच. तूच सांगितला होतास."

"मी सांगितला हुता," तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. रस्त्यानं दोन ट्रॉल्या गेल्या.

"न्हाई दिसत," तो डोळे उघडून म्हणाला. "इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, 'सत्या, ते तलवार बदक हुतं.' रोज सांगायचो. तेच खरं धरलं म्हणून तर झोप लागायची. आता डोळं मिटलं की तलवार बदकच दिसतंय. मान वाकडी करून बसलेलं." मग त्यानं तार पुन्हा हातात घेतली. "तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं, गायकवाड."

तो मला चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हता. चहा पिऊन मी निघालो.

साहेबांना पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डावा डोळा संपलेला होता आणि उजव्यात नळीतून बघावं एवढंच उरलं होतं. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर उरलेलं राखता आलं असतं. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असंही त्यांनी विचारलं. साहेब आत बसलेले, वहिनी आणि मी बाहेर बाकावर. त्या सरळ समोरच्या भिंतीकडं बघत बोलल्या.

"माझ्या ध्यानात आलं हुतं. दारं लागायची त्यांना. ताटातली चटणी एका अंगाला असली तर दिसायची न्हाई, मला म्हणायचे चटणी वाढली न्हाईस. मी म्हटलं, डोळं दाखवून घ्या. तर पोरी-जावयापुढं म्हणाले, हिला गाय आन् म्हैस वळखू येत न्हाई, ही माझी नजर तपासणार."

"मग?"

"मग काय. मी येकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं न्हाई."

त्यांच्या आवाजात ना पश्चात्ताप होता ना राग. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, साहेबांना तहान लागली असेल म्हणाल्या आणि आत गेल्या.

उजवा डोळाही वर्षभरात गेला. पुढं माझी नोकरी बदलली, जाणं-येणं कमी झालं. साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते चिंचणीलाच. थंडीचे दिवस होते, सकाळ सरत आली होती. मी बांधावरून चालत होतो आणि लांबून मला तो विटकरी स्वेटर दिसला. पाण्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर साहेब बसले होते, हात गुडघ्यांवर, चेहरा पाण्याकडं. शेजारी स्कोप उभा होता आणि वहिनी त्यावर वाकल्या होत्या. उसाला जाणाऱ्या एका गाडीनं त्यांना सोडलं होतं, दुपारी परत न्यायला येणार होती. दर आठवड्याला येतात, असं मला नंतर कळलं.

मी जवळ गेलो. पावलांचा आवाज ऐकून साहेबांनी मान वळवली. "कोण हाय?"

"गायकवाड."

"ये. बरं झालं आलास. पाखरांनी पाठ फिरवली बघ यंदा. मागल्या खेपेला बी काय न्हाई, आज बी काय न्हाई. नुसतं पाणी."

मी पाण्याकडं पाहिलं. समोरच्या उथळ भागापासून पार पलीकडच्या काठापर्यंत पट्टकादंब बसले होते. हिमालयावरून उडून येणारे ते राखी हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. इतके मी चिंचणीला कधीच पाहिले नव्हते. बहुतेक जण एका पायावर उभे राहून, चोच पिसांत खुपसून झोपले होते. त्यांच्या अलीकडं थापटे आणि भुवई बदकं दाटीनं पाण्यावर डोलत होती. वारा आमच्या पाठीमागून पाण्याकडं वाहत होता, त्यांचा कसलाही आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता.

मी वहिनींकडं पाहिलं. मी आलोय हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनी स्कोपवरचा डोळा काढला नाही. एका हातानं फोकसची कडी हळूहळू फिरवत त्या कळपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं सरकत होत्या. कसलीच घाई नव्हती. साहेब बघायचे तसंच, एकेक पक्षी सुटा करून त्या बघत होत्या.

"साहेब," मी म्हणालो, "पाणी रिकामं नाही. पट्टकादंब आहेत. भरपूर. समोरच आहेत."

साहेब हळू आवाजात हसले.

"शालन म्हणती एक बी न्हाई."

"मला दिसतायत, साहेब. डोक्यावरचे पट्टेसुद्धा दिसतायत."

"तू दया करतोयस, गायकवाड. आंधळ्याला जरा बरं वाटावं म्हणून बोलतोयस. आन् तुला ते धड जमत बी न्हाई, आवाजात कळतंय." त्यांनी हात लांब करून चाचपला, वहिनींच्या पदराचं टोक सापडलं, ते धरलं. "हिचं तसं न्हाई. खोटं बोलायला डोकं लागतं. ते हिला देवानं दिलंच न्हाई. हिला दिसंल तेवढंच ही सांगती. म्हणून तर आता हिच्यावर माझा भरवसा हाय."

वहिनींनी पदर सोडवून घेतला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर स्कोपच्या काचेतून आलेला उजेडाचा एक लहान गोल पडला होता.

"चल, शालन," साहेब म्हणाले. "रिकाम्या पाण्यापाशी काय बसायचं."

"बसा जरा," वहिनी म्हणाल्या. "ऊन चांगलं हाय." आणि त्यांनी स्कोप किंचित उजवीकडं वळवला.